राहुरीचा कांदा, दवाखान्यातला ‘शेक’ आणि तारापूरची भीती

एप्रिल-मे महिन्यांत अहिल्यानगर जिल्ह्यात कुठेही फिरले तरी कांदा चाळी भरताना दिसतात. घोडेगाव, नेप्ती, वांबोरी, पारनेर, राहाता. बाजार कोणताही असो, शेतकऱ्याचे गणित एकच असते. आज भाव नाही, तर दिवाळीपर्यंत थांबू. पण कांदा थांबायला तयार नसतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो सडतो, वजनात घटतो आणि पुढे त्याला हिरवे कोंब फुटू लागतात. साठवलेल्या कांद्यापैकी पाव हिस्सा, कधी चाळीस टक्क्यांपर्यंत माल असा हातचा जातो.

यातल्या कोंबांवर एक उपाय अणुविज्ञानाने दिला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, लासलगावला ‘कृषक’ हे विकिरण केंद्र सुरू केले. पुढे राहुरीत हिंदुस्थान ॲग्रो या सहकारी संस्थेनेही असे केंद्र उभारले. २०२४ मध्ये राज्य सरकारने डॉ. अनिल काकोडकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘कांद्याची महाबँक’ उभारण्याची घोषणा केली, तीही याच तंत्रावर आधारलेली. घोषणा झाली की चर्चा होते आणि चर्चेत एक प्रश्न हमखास येतो : किरण मारलेला कांदा खायचा म्हणजे थोडे थोडे किरण पोटात घ्यायचे का?

प्रश्न भाबडा नाही. त्याचे उत्तर नीट समजले, तर दवाखान्यातल्या सीटी स्कॅनपासून तारापूरच्या अणुभट्टीपर्यंतच्या बऱ्याच गोष्टी समजतात.

विकिरण केंद्रात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या कांड्या असतात. काम नसताना त्या साधारणपणे खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेल्या असतात. कांद्याच्या पेट्या जाड काँक्रिटच्या भिंतींआडच्या खोलीत सरकल्या की कांड्या वर येतात आणि त्यातून निघणारे गॅमा किरण कांद्यातून आरपार जातात. कांद्याच्या गाभ्यात जो कोंब पुढे फुटायचा असतो, त्याच्या पेशींतल्या डीएनएला त्यामुळे इजा होते आणि त्या पेशी पुन्हा विभागत नाहीत. कांदा जिवंत राहतो, पण कोंब फुटत नाही. काढणीनंतर कांदा ‘झोपेत’ असतो, त्या काळातच हे करावे लागते. कोंब हलला की वेळ गेली. सड आणि वजनातली घट मात्र या प्रक्रियेने थांबत नाही. त्यासाठी चांगली चाळ किंवा शीतगृह लागतेच. हे शेतकऱ्याला आधी सांगायला हवे, कारण ‘किरण मारले की कांदा टिकतो’ एवढेच ऐकून आलेल्याची निराशा ठरलेली आहे.

आता प्रश्नाचे उत्तर. उन्हात वाळत घातलेली मिरची संध्याकाळी घरात आणली तर ती अंधारात उजेड देत नाही. ऊन तिच्यावर पडले, तिच्यात बदल करून गेले आणि संपले. कांद्याचे तसेच होते. कोबाल्टचे गॅमा किरण कांद्याच्या अणूंना किरणोत्सारी बनवण्याइतके शक्तिशाली नसतात. कोबाल्ट धातू कांद्याला शिवतही नाही. तो पोलादी नळीत बंद असतो. पेटी खोलीबाहेर आली की कांद्यात किरण शिल्लक नसतात.

याउलट रंगपंचमीचा रंग. तो हाताला लागतो, हातावरून दाराला, दारावरून दुसऱ्याच्या सदऱ्याला. किरणोत्सारी पदार्थाची धूळ किंवा द्रव असा पसरू लागला, तर प्रकरण वेगळे होते. मग किरणांचा उगमच माणसाच्या अंगावर, पाण्यात, दुधात येऊन बसतो. अंगावर किरण पडणे आणि अंगाला किरणोत्सारी पदार्थ लागणे या दोन वेगळ्या घटना आहेत. बोलताना दोन्हींना आपण ‘रेडिएशन’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

हा घोळ कांद्यापुरता असता तर चालले असते. तो घरातल्या आजारी माणसापर्यंत पोहोचतो.

कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या रुग्णाबद्दल गावाकडे ‘शेक दिला’ किंवा ‘लाइट दिली’ असे म्हणतात. जिल्ह्यातून किती तरी रुग्ण त्यासाठी पुण्या-मुंबईकडे जातात, महिना-दीड महिना तिथे खोली घेऊन राहतात. परतल्यावर काही घरांत त्यांचे ताट-वाटी वेगळी होते, नातवंडांना जवळ जाऊ दिले जात नाही, अंथरूण पडवीत येते. आजीला वाटते आजारामुळे लेकरे दूर गेली. घरच्यांना वाटते किरणांपासून लेकरे वाचवली. दोघांनाही कुणी नीट सांगितलेले नसते. बाहेरून यंत्राने दिलेल्या उपचारात रुग्ण कांद्यासारखाच असतो. यंत्र बंद झाले त्या क्षणी किरण संपले. त्याच संध्याकाळी नातू मांडीवर बसला तरी त्याला काहीही होत नाही.

अपवाद आहे आणि तोही सांगायला हवा. थायरॉइडच्या काही आजारांत रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन प्यायला देतात. तिथे पदार्थच शरीरात जातो, म्हणून काही दिवस रुग्णाला वेगळे ठेवतात किंवा लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर राखायला सांगतात. डॉक्टर तसे स्वतःहून बजावतात. ज्यांना बजावलेले नाही, त्यांचे ताट वेगळे करण्याचे कारण नाही.

किती, कुठे आणि किती वेळात

कांद्याला दिली जाणारी मात्रा साधारण ६० ते ९० ग्रे इतकी असते. ग्रे म्हणजे किलोभर वस्तूने किरणांतून किती ऊर्जा शोषली त्याचे माप. माणसाच्या सगळ्या शरीराला एकदम ४-५ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. म्हणजे कांद्याला माणूस मारणाऱ्या मात्रेच्या पंधरा-वीस पट किरण मिळतात आणि तो कांदा भाकरीबरोबर खाता येतो. आणखी गंमत अशी, की कर्करोगाच्या गाठीला मिळणारी एकूण मात्राही अनेकदा ६० ग्रेच्या आसपास असते. पण ती रोज सुमारे २ ग्रे अशी पाच-सहा आठवड्यांत विभागून आणि शरीराच्या नेमक्या भागावर दिलेली असते. शरीर रोजच्या रोज डागडुजी करते. त्यामुळे जी मात्रा एका दमात सगळ्या अंगावर आली तर जीव घेईल, तीच ठरवून दिली तर जीव वाचवते.

माणसाच्या धोक्याचा हिशेब मात्र सिव्हर्टमध्ये करतात आणि रोजच्या जगण्यात त्याचा हजारावा भाग, मिलिसिव्हर्ट पुरतो. जमिनीतून, आकाशातून, श्वासातल्या रेडॉन वायूतून आणि अन्नातून प्रत्येकाला किरण मिळतच असतात. जगाची वार्षिक सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २००८ च्या अहवालात म्हटले. आपल्या शरीरातले पोटॅशियमही थोडे किरणोत्सारी असते. बाजरीतून, केळ्यातून, बटाट्यातून ते येते आणि त्याची मात्रा वर्षाला ०.२ मिलिसिव्हर्टच्या आतबाहेर राहते. शरीर जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकते, म्हणून केळी जास्त खाऊन ती वाढत नाही.

अहिल्यानगरकरांच्या पायाखालची जमीन याबाबतीत उदार आहे. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्यात युरेनियम आणि थोरियम ग्रॅनाइटच्या मानाने कमी असते. हैदराबादच्या ग्रॅनाइटवर राहणाऱ्याला जमिनीतून जास्त किरण मिळतात. केरळच्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर तर मोनाझाइटच्या वाळूमुळे काही जागी वर्षाला ७० मिलिसिव्हर्टच्या घरात मात्रा जाते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहतात. सुमारे ७० हजार रहिवाशांवर अनेक वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त किरणांच्या भागात कर्करोग जास्त आढळला नाही. याचा अर्थ धोका शून्य असा होत नाही. असलाच तर तो इतका लहान आहे, की एवढ्या माणसांतही वेगळा दिसला नाही.

किरणांपासून संरक्षणाचे नियम तरीही कडक बाजू धरतात. थोड्या मात्रेचाही थोडा धोका असतो, असे धरूनच मर्यादा ठरवल्या जातात. त्या हिशेबाने हजार माणसांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट जादा मिळाले, तर त्यांच्या आयुष्यात कर्करोगाने सुमारे पाच जास्त मृत्यू होतील. भारतात आज साधारण नऊतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी कर्करोग होण्याची शक्यता असते, म्हणजे त्या हजारांत शंभराहून अधिकांना तो एरवीही होणारच असतो. पाच ही संख्या नगण्य नाही. पण तंबाखूच्या एका पुडीला जिथे कुणी घाबरत नाही, तिथे या पाचांचे प्रमाण डोळ्यांसमोर असलेले बरे.

छातीच्या एक्स-रेला ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षाही कमी मात्रा लागते. पोटाच्या सीटी स्कॅनला साधारण ८ ते १०. म्हणजे एका स्कॅनमध्ये निसर्गाकडून तीन-चार वर्षांत मिळणारे किरण काही सेकंदांत मिळतात. गरज असेल तर स्कॅन जरूर करावा. अपघातात डोक्याला मार लागलेल्याने किरणांचा विचार करत बसू नये. पण एका दवाखान्यातून दुसरीकडे जाताना आधीची फिल्म किंवा सीडी घरी विसरली म्हणून तोच स्कॅन आठवड्याभरात पुन्हा करणे, हे आपल्याकडे सर्रास घडते. अणुवीज केंद्राला विरोध करणारी आणि पाठिंबा देणारी, दोन्ही घरे या बाबतीत सारखीच निष्काळजी असतात. फाइल सांभाळणे, गरोदर असल्यास आधी सांगणे, लहान मुलासाठी सोनोग्राफी चालेल का हे विचारणे, एवढ्याने बरेच किरण वाचतात. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये असे किरण नसतातच.

भंगारातला कोबाल्ट

विकिरण केंद्रातला हाच कोबाल्ट-६० भारतात एकाचा जीव घेऊन गेला आहे. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने अनेक वर्षे वापराविना पडलेले प्रयोगशाळेतले एक यंत्र लिलावात काढले. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तिथे ते तोडले गेले आणि आतल्या कोबाल्टच्या कांड्या कामगारांच्या हातांत आल्या. काहींच्या अंगावर भाजल्यासारखे डाग उठले, केस गेले. सात-आठ जण रुग्णालयात दाखल झाले आणि एक जण दगावला. अणुभट्टी नव्हती, स्फोट नव्हता. होते एक जुने उपकरण आणि त्याची नोंद ठेवण्यातली हलगर्जी.

कोबाल्टची शक्ती दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. म्हणजे वीस वर्षांनीही सुमारे चौदावा हिस्सा शिल्लक असतो. एमआयडीसीतल्या कारखान्यांत वेल्डिंगचे जोड तपासायला, कागदाची जाडी मोजायला असे छोटे स्रोत वापरात असतात. पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली जड शिशाची पेटी भंगारात दिसली, तर ती न उघडता दूर होऊन पोलिसांना कळवणे, एवढे ज्ञान भंगारवाल्याला असायला हवे. त्याच्याकडे ते पोहोचवण्याची जबाबदारी कुणाची, यावर मात्र फारसे बोलले जात नाही.

दूध

कोबाल्ट-६० येतो कुठून? साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवून तो तयार केला जातो; राजस्थानात रावतभाट्याच्या वीज देणाऱ्या अणुभट्ट्यांत तो बनतो. राहुरीचा कांदा आणि अणुवीज यांचे नाते असे थेट आहे.

महाराष्ट्रातली अणुवीज तारापूरची. तिथले पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाले, तेव्हा भारतातले ते पहिले अणुवीज केंद्र होते. २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॅटचे आणखी दोन आले. कुंपणाबाहेर राहणाऱ्या नागरिकासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे आणि देशातल्या केंद्रांभोवती नोंदली जाणारी मात्रा तिच्या बरीच खाली असते. केंद्र नीट चालत असताना शेजाऱ्याला मिळणारे किरण एका सीटी स्कॅनपुढे किरकोळ असतात. म्हणून खरा प्रश्न केंद्र नीट चालत असतानाचा नाहीच. ते बिघडले तर काय, हा आहे.

चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ रोजी ते बिघडले. तीव्र किरणबाधेने त्या वर्षी २८ कर्मचारी आणि अग्निशामक दगावले. सर्वसामान्य लोकांत स्पष्ट दिसलेले मोठे नुकसान मात्र एका साध्या वाटेने झाले आणि दुधाच्या धंद्यावर जगणाऱ्या जिल्ह्याने ती वाट समजून घ्यावी अशी आहे. भट्टीतून किरणोत्सारी आयोडीन हवेत गेले, गवतावर पडले, गायींनी ते गवत खाल्ले. आयोडीन दुधात उतरले आणि मुले ते दूध पीत राहिली. मुलांची थायरॉइड ग्रंथी लहान, दूध जास्त आणि आयोडीन ओढून घेणे हेच त्या ग्रंथीचे काम. त्या काळी मुले किंवा किशोर असलेल्यांत २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतला लक्षणीय हिस्सा त्या दुधामुळे आजारी पडला, असे संयुक्त राष्ट्रांची समिती म्हणते. बहुसंख्य उपचाराने वाचले.

हे टाळता आले असते. त्या आयोडीनची शक्ती दर आठ दिवसांनी निम्मी होते. दुधाची भुकटी करून तीन महिने गोदामात ठेवली असती, तर त्यात काही उरले नसते. गायींना बांधून आधी कापलेली वैरण घातली असती, तरी चालले असते. सरकारने लोकांना वेळेत सांगितले नाही. चेर्नोबिलच्या मुलांचे नुकसान भट्टीने सुरू केले आणि गुप्ततेने पूर्ण केले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

फुकुशिमात २०११ मध्ये उलटे घडले. दूध आणि भाजीपाला लवकर रोखला गेला. रहिवाशांच्या आरोग्यावर किरणांचा थेट परिणाम दिसत नसल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या समितीने पुढे नोंदवले. पण दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. रुग्णालये आणि वृद्धाश्रम घाईघाईने रिकामे केले, अंथरुणाला खिळलेल्यांना तासन्‌तास बसमधून नेले. फुकुशिमा प्रांतात अशा हालांतून झालेल्या मृत्यूंची अधिकृत नोंद २,००० च्या वर गेली. किरणांपासून पळताना त्यांच्यापेक्षा मोठे संकट ओढवू शकते, हे त्या आकड्याने दाखवले.

कोळशाशी तुलना केली, तर अणुवीज स्वस्तात सुटते. एका नेहमी दिल्या जाणाऱ्या हिशेबानुसार अब्ज युनिट विजेमागे धूर, खाणी आणि अपघात मिळून कोळशामुळे सुमारे २५ मृत्यू होतात. अणुऊर्जेचा आकडा अपघात धरूनही ०.०३ च्या आसपास आहे. महाराष्ट्राची बहुतेक वीज आजही कोळशाची आहे. चंद्रपूरच्या फुप्फुसांचा हिशेब अहिल्यानगरच्या वीजबिलावर छापलेला नसतो.

हे खरे असूनही लोकांचा अविश्वास केवळ अज्ञानातून येतो, असे म्हणणे लबाडीचे ठरेल. कर्नाटकातल्या कैगा केंद्रात २००९ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात कुणीतरी ट्रिटियमयुक्त पाणी मिसळले आणि पन्नासहून अधिक जणांच्या शरीरात ते गेले. नियामक मंडळाला पुरेसे कायदेशीर स्वातंत्र्य नाही, असा ताशेरा २०१२ मध्ये खुद्द ‘कॅग’ने ओढला. तारापूरच्या नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प ठरला. एप्रिल २०११ मध्ये तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक जण मरण पावला. मासेमार समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याबद्दल विचारत होते आणि त्यांना मिलिसिव्हर्टची पत्रके दिली जात होती.

अणुवीज केंद्राभोवतीच्या साधारण १६ किलोमीटरच्या टापूत आणीबाणीचा आराखडा लागू असतो. राहुरी तारापूरपासून खूप दूर आहे, पण पालघर-बोईसरला नातेवाईक असलेली घरे जिल्ह्यात आहेत. अपघाताची सूचना आली, तर पहिले काम पळणे हे नाही. पक्क्या घरात जाऊन दारे-खिडक्या बंद करायच्या, बाहेरून आलो असल्यास कपडे काढून पिशवीत बांधायचे आणि अंग धुवायचे. रंगपंचमीचा रंग जसा आंघोळीने जातो, तशी अंगावरची बरीच धूळ त्याने जाते. मोकळ्यावर चरलेल्या जनावराचे दूध आणि उघड्यावरचा भाजीपाला सांगेपर्यंत घ्यायचा नाही. आयोडीनच्या गोळ्या प्रशासन वाटेल तेव्हाच घ्यायच्या. त्या थायरॉइड आधीच भरून टाकतात, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला तिथे जागा उरत नाही. कोबाल्टवर किंवा सिझियमवर त्यांचा काहीही उपयोग नाही. फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी दुकानांतले आयोडीनयुक्त मीठ रिकामे केले होते; पण एका गोळीइतके आयोडीन मिळायला मीठ किलोंनी खावे लागेल.